शहरात कोंबड्या पाळताना: वाचकांचे प्रश्न

परसबागेविषयीचा लेख प्रसिद्ध झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे भाजीपाल्याविषयी नसून कोंबड्यांविषयी आहेत. अंडी महाग झाली की अशी पत्रे वाढतात, हा जुनाच अनुभव आहे. या वेळी मात्र कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्यांइतकीच पत्रे शेजारच्या कोंबड्यांनी बेजार झालेल्यांचीही आली, म्हणून संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

पुण्यात कर्वेनगर भागात आमचा जुना बंगला आहे. मागे सहाशे चौरस फूट मोकळी जागा आहे. तेथे पाच-सहा गावरान कोंबड्या पाळायच्या आहेत. महापालिकेची परवानगी लागते का, आणि किती कोंबड्या ठेवता येतात? एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, दहापर्यंत चालतात. दुसरे म्हणतात, शहरात कोंबड्या ठेवणे हा गुन्हाच आहे.

दोन्ही गृहस्थ ठामपणे चुकीचे सांगत आहेत. आपल्याकडील महापालिकांचे मूळ कायदे वाचले तर ‘घरटी इतक्या कोंबड्या’ असा आकडा त्यांत आढळत नाही, आणि घरच्या अंड्यांसाठी परसात कोंबडी ठेवली एवढ्यावरून कोणी गुन्हेगारही ठरत नाही. कायदा कोंबड्या मोजत नाही, त्यांचा त्रास मोजतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 384 मध्ये डुकरे पाळण्यासाठी आयुक्तांची लेखी परवानगी आवश्यक केली आहे. इतर प्राण्यांबाबत मात्र, कोणाला उपद्रव किंवा धोका होईल अशा रीतीने आपल्या जागेत प्राणी ठेवू नये आणि त्यांना घाण खाऊ घालू नये, असे म्हटले आहे. पुण्यासह इतर शहरांना लागू असणाऱ्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 ची दिशाही हीच आहे. म्हणून सहा कोंबड्या निमूटपणे नांदत असतील तर कोणी विचारत नाही, आणि एकाच कोंबड्याने गल्ली जागी केली तर नोटीस येऊ शकते.

गोंधळ वाढवणारे आणखी दोन नियम वाचकांच्या पत्रांत वारंवार येतात. पहिला, नागरी क्षेत्रांत गुरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा 1976 चा राज्य कायदा. तो गाई-म्हशींसारख्या गुरांसाठी आहे. त्यातील परवान्याची अट कोंबड्यांना लावता येत नाही. दुसरा, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कुक्कुटपालनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे. वस्तीपासून पाचशे मीटर दूर असावे वगैरे अंतरे त्यांत आहेत हे खरे, पण ती हजारो पक्ष्यांच्या व्यावसायिक शेडसाठी आहेत. परसातल्या खुराड्यासाठी ती अंतरे लावायची म्हटली तर खुराडे थेट मुठा नदीच्या पलीकडे न्यावे लागेल.

तरीही दोन गोष्टी आधी तपासाव्यात. बंगल्याच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारत आणि कुंपण यांच्यामध्ये नियमाने मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यात, विटा-सिमेंटचे खुराडे बांधले तर तो अनधिकृत बांधकामाचा विषय होतो. कोंबड्यांची तक्रार टिकली नाही तरी बांधकामाची टिकते. खुराडे लाकडी किंवा लोखंडी चौकटीचे, उचलून हलवता येईल असे असावे. दुसरे म्हणजे, महापालिका अशा बाबींत स्थानिक उपविधी करू शकते, आणि कटकमंडळांच्या, म्हणजे लष्करी छावण्यांच्या (कँटोन्मेंट), हद्दीत तर कायदाच वेगळा असतो. तेव्हा आपल्या क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागाकडे एक साधा अर्ज देऊन ‘घरगुती वापरासाठी सहा कोंबड्या ठेवण्यास परवानगी किंवा नोंदणी आवश्यक आहे काय’ असे विचारावे आणि अर्जाची पोच घ्यावी.

तोंडी उत्तरावर विसंबू नये, हे मी स्वानुभवाने सांगतो. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी स्वतः एका महापालिकेच्या कार्यालयात हाच प्रश्न घेऊन गेलो होतो. खिडकीवरील लिपिकाने नोंदणीचा अर्ज पुढे केला; त्यात ‘कुत्रा’ आणि ‘मांजर’ असे दोनच चौकोन होते. त्यांनी बराच विचार करून विचारले, ‘यांतले कोंबडीला जवळचे कोणते?’ चार टेबले फिरून मी घरी आलो आणि माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज केला. तीस दिवसांच्या मुदतीत लेखी उत्तर आले की असा कोणताही परवाना त्या कार्यालयाकडून दिला जात नाही. पुढे शेजाऱ्यांशी बोलताना तो कागद मला फार उपयोगी पडला.

नाशिकमध्ये आमच्या शेजारच्या घरी चार कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोंबडा पहाटे साडेतीनपासून आरवतो. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे. शेजाऱ्यांना सांगून पाहिले, त्यांनी रात्री खुराड्यावर ताडपत्री टाकायला सुरुवात केली, पण फरक नाही. पोलिसांत तक्रार करावी का?

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण कोंबडे झाकले म्हणून त्याचे आरवणेही राहत नाही, हे म्हणीत आलेले नाही. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले की कोंबडा उजेड पाहून नव्हे, तर शरीरातील घड्याळावर आरवतो. सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही ठरल्या वेळी आरवत राहिले. तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांनी ताडपत्री टाकली ती सद्भावनेने, पण उपाय म्हणून ती निरुपयोगी आहे, उलट उन्हाळ्यात तिच्याखाली पक्षी गुदमरण्याची भीती आहे.

कायद्याचे म्हणाल तर तीन वाटा आहेत, आणि तिन्हींची मर्यादा ठाऊक असावी. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनीची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि ती दहा डेसिबलने किंवा अधिक ओलांडली गेल्यास तक्रार करता येते. परंतु हे मापन परिसरातील आवाजाचे आहे, आणि अधूनमधून आरवणाऱ्या पक्ष्यासाठी ध्वनिमापक यंत्र घेऊन पहाटे साडेतीनला कोणी येईल अशी अपेक्षा मी तरी ठेवणार नाही. दुसरी वाट भारतीय न्याय संहितेतील सार्वजनिक उपद्रवाची. कलम 270 मध्ये त्याची व्याख्या आहे आणि कलम 292 खाली एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र त्रास परिसरातील लोकांना सामान्यतः होत असला पाहिजे; एका घराची झोपमोड हा कायद्याच्या भाषेत खासगी उपद्रव ठरतो आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, जी चढेपर्यंत कोंबड्याचे नैसर्गिक आयुष्य बहुधा संपलेले असेल. तिसरी वाट महापालिकेची: विभागीय कार्यालयाकडे आरोग्य विभागाच्या नावे लेखी तक्रार, शक्यतो आजूबाजूच्या दोन-तीन घरांच्या सह्यांनिशी. तिन्हींत हीच वाट सर्वांत कमी खर्चाची आणि परिणामकारक आहे.

पण त्याआधी शेजाऱ्यांना एक गोष्ट सांगून पाहा, कारण पुष्कळांना ती खरोखरच ठाऊक नसते. कोंबडी अंडी घालते त्यासाठी कोंबड्याची गरज नसते. कोंबडा लागतो तो अंड्यातून पिल्ले निघावीत म्हणून. त्यांना केवळ खायला अंडी हवी असतील तर कोंबडा गावी नातेवाइकांकडे पाठवूनही अंड्यांच्या संख्येत एकाचाही फरक पडणार नाही. शहरात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला सल्ला हाच असतो: कोंबडा ठेवू नका. अंडे घातल्यावर कोंबड्याही कलकल करतात, पण ती दिवसाउजेडी आणि थोडा वेळ, आणि तेवढे शेजारधर्मात बसते.

ठाण्यात आमच्या गृहनिर्माण संस्थेत एका सभासदाने सहाव्या मजल्यावरील बाल्कनीत पिंजऱ्यात तीन कोंबड्या ठेवल्या आहेत. संस्थेने हरकत घेतल्यावर त्यांनी ‘पाळीव प्राण्यांना संस्था मनाई करू शकत नाही’ असे प्राणी कल्याण मंडळाचे परिपत्रक दाखवले. आमची समिती गप्प बसली. हे बरोबर आहे का?

भारतीय प्राणी कल्याण मंडळाचे फेब्रुवारी 2015 चे जे परिपत्रक सर्वत्र फिरते, ते कुत्रे आणि त्यांचे पालक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. त्याचा आधार बाल्कनीतील कोंबड्यांना मिळतो असे मला वाटत नाही. याउलट, सभासदाने आपल्या सदनिकेत इतरांना उपद्रव किंवा गैरसोय होईल असे काही करू नये, ही तरतूद गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्टपणे आहे. समितीने प्रथम लेखी पत्र द्यावे आणि त्यात वास, पिसे, खालच्या मजल्यावर पडणारी विष्ठा असे नेमके काय घडते ते तारखांसह लिहावे. ‘संस्थेची शोभा जाते’ असली वाक्ये लिहू नयेत. वाद मिटला नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जाता येते.

त्या सभासदांनाही एक गोष्ट सांगणे भाग आहे. प्राणिमात्रांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 11 नुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा आहे. कोंबडीला माती उकरायला लागते, धुळीत अंग घोळायला लागते, पंख पूर्ण पसरायला लागतात. दोन बाय तीन फुटांच्या पिंजऱ्यात तीन कोंबड्या हे पाळणे नव्हे. माझ्या मते सदनिकेत कोंबड्या पाळूच नयेत, आणि हे मी कायद्याच्या नव्हे, कोंबड्यांच्या बाजूने सांगतो.

कोल्हापुरात आम्ही आठ कोंबड्या पाळल्या आहेत. कोंबडा नाही. खुराडे रोज धुतो, फिनेल टाकतो, तरी वास येतो आणि शेजारी कुरकुर करतात. काय चुकते आहे?

रोज धुता, हेच चुकते आहे. कोंबडीच्या विष्ठेला कोरडी असताना फारसा वास नसतो. ओली झाली की तिच्यातून अमोनिया सुटतो आणि डोळ्यांना झोंबणारा तो उग्र दर्प पसरतो. तुम्ही रोज पाणी ओतून ती ओली ठेवता आणि फिनेलने त्यावर दुसरा वास चढवता. धुणे आजपासून बंद करा. फरशी पूर्ण वाळू द्या, तिच्यावर चार ते सहा इंच जाडीचा भाताच्या तुसाचा थर पसरा. कोल्हापूर भागात गिरणीवर तूस सहज मिळते. लाकडाचा भुसाही चालतो, पण अगदी बारीक पीठ झालेला नको, तो कोंबड्यांच्या नाकात जातो. आठवड्यातून दोनदा दाताळ्याने हा थर खालीवर करा आणि कोठे ओल दिसली तर तेवढे तूस काढून तेथे मूठभर चुना भुरभुरा. तूस हातात घेऊन मुठीत दाबून पाहा: मूठ उघडल्यावर ते मोकळे झाले तर ठीक, गोळा राहिला तर ओल जास्त आहे.

ओल येते ती बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याभोवती. भांडे जमिनीवर ठेवले की कोंबड्या त्यात पाय घालतात, तूस उडवतात आणि सांडतात. भांड्याखाली दोन विटा ठेवून त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर आणा. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो. आणि वास तपासायचा तर उभ्याने तपासू नका. खुराड्यात उकिडवे बसा, नाक कोंबडीच्या उंचीवर न्या आणि मिनिटभर थांबा. डोळे चुरचुरले तर समजा की तुम्हाला उभ्याने जेवढा जाणवतो त्याच्या कितीतरी पट अमोनिया त्या बिचाऱ्या रात्रभर हुंगत आहेत. सर्दीसारखे श्वसनाचे विकार तेथूनच सुरू होतात.

काढलेले तूस कुंडीत लगेच घालू नये, ताजे खत उष्ण पडते आणि रोपे करपतात. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजू द्यावे.

शेजाऱ्यांच्या कुरकुरीमागे वासाशिवाय आणखी एक कारण असते, जे ते नेहमीच बोलून दाखवत नाहीत. ते म्हणजे उंदीर-घुशी. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. आठ कोंबड्यांना किलोभर पुरे. त्याहून जास्त टाकलेले सगळे रात्री घुशींच्या पोटात जाते. दिवस मावळताना खाद्याचे भांडे उचलून घरात घ्यावे, पोते उघडे न ठेवता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामे करावे. खुराड्याला सर्वत्र मिळणारी षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी लावलेली असेल तर ती कोंबडी आत राहण्यापुरतीच उपयोगी आहे. मुंगूस आणि घूस बाहेर राहावेत यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावून तिची खालची कड फूटभर जमिनीत पुरावी. पाण्याची भांडीही रोज पालथी करून घासावीत. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या शोधत घरोघर येतात, आणि कोंबडीच्या भांड्यात अळी सापडली तर दंडाची पावती कोंबड्यांमुळे नाही, डेंग्यूमुळे फाटते.

पनवेलला राहतो. बर्ड फ्लूची बातमी आली की घरचे म्हणतात कोंबड्या कापून टाका. तशी वेळ आली तर नियम काय आहेत? सरकारी माणसे घरगुती कोंबड्याही नेतात का?

होय, नेतात, आणि येथे मात्र परसातल्या चार कोंबड्या आणि चाळीस हजारांची पोल्ट्री यांत कायदा भेद करत नाही. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, फेब्रुवारी 2006 मध्ये. त्या वेळी मी खात्यात होतो. मोठ्या शेडमधील पक्षी मोजणे सोपे होते. अवघड होते ते घरोघरी डालग्याखाली, पलंगाखाली लपवलेल्या कोंबड्या शोधणे. लोकांचा दोष नव्हता. आजीने नातवंडांसाठी वाढवलेली कोंबडी कोणी मागायला आले तर कोण देईल?

प्राण्यांतील संक्रामक आणि सांसर्गिक रोगांना प्रतिबंध करणाऱ्या 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार रोगाचा संशय येताच कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे. प्रयोगशाळेने रोग निश्चित केल्यावर बाधित ठिकाणापासून साधारण एक किलोमीटरच्या परिसरातील पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते; त्यापूर्वीच रोगाने मेलेल्यांची मिळत नाही. म्हणून वेळेवर कळवण्यात व्यवहारही आहे. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे आठशे कोंबड्या दगावल्या, तेव्हाही नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे गेल्यावरच निदान पक्के झाले. याचे कारण असे की तुरा-कल्ला निळसर-जांभळा पडणे, डोके सुजणे, एकाएकी मरतूक होणे ही लक्षणे मानमोडी (राणीखेत) रोगातही दिसू शकतात. डोळ्यांनी पाहून निदान करणाऱ्या शेजाऱ्यावर किंवा दुकानदारावर विश्वास ठेवू नये.

तुमच्या घरच्या मंडळींना सांगा की बातमी आली म्हणून निरोगी कोंबड्या घाईने कापण्यात शहाणपण नाही. रोग असलाच तर घरात पक्षी कापणे, पिसे काढणे हेच सर्वांत धोक्याचे काम आहे. अशा दिवसांत कोंबड्या जाळीच्या आत ठेवाव्यात, खाद्य-पाण्यावर कावळे-पारवे येऊ देऊ नयेत, बाजारातून नवा पक्षी आणू नये, खुराड्याची चप्पल वेगळी ठेवावी. अंडी आणि मांस पूर्ण शिजवून खाण्यास हरकत नाही. 70 अंश सेल्सिअसला विषाणू टिकत नाही. एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या तर त्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत, हात न लावता झाकून ठेवाव्यात आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

घरच्या पाच कोंबड्यांना लसी कोठे आणि कशा द्याव्यात?

खरी अडचण अशी की मानमोडीची लस शंभर-शंभर मात्रांच्या कुपीत येते, एकदा कालवली की सुमारे दोन तासांत संपवावी लागते आणि तोपर्यंत बर्फात ठेवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कुपी फोडायला दुकानदार आणि डॉक्टर दोघेही नाखूश असतात. त्यामुळे शहरातील पालकांनी एक दिवसाची पिल्ले आणूच नयेत; सर्व लसी झालेल्या आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, घ्याव्यात. लासोटा, देवी आणि आठव्या आठवड्यातील आर-टू-बी (लासोटा आणि आर-टू-बी या दोन्ही मानमोडीच्याच) या लसींच्या तारखा विक्रेत्याकडून लिहून घ्याव्यात. परिसरात आणखी कोणी कोंबड्या पाळत असेल तर एकाच दिवशी मिळून लसीकरण करावे. शहरासाठी जात निवडताना ग्रामप्रिया किंवा आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड) यांसारख्या अंडी देणाऱ्या, शांत जाती बऱ्या. असील घेऊ नये, ती भांडकुदळ. कडकनाथचे कौतुक फार आहे, पण अंडी बेताचीच.

उरलेली अंडी सोसायटीतल्या लोकांना विकली तर चालेल का?

शेजाऱ्याला डझनभर अंडी देऊन त्याने खाद्याचे पैसे दिले, यावर कोणी बोट ठेवणार नाही. पण फलक लावून, समाजमाध्यमावर जाहिरात करून नियमित विक्री सुरू केली की आपण घरगुती पालक राहत नाही, धंदेवाईक ठरतो. निवासी जागेत धंदा, महापालिकेचा परवाना, अन्नसुरक्षा नोंदणी हे सगळे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. विक्री सुरू करण्यापूर्वीच परवाना विभागात लेखी विचारणा करावी.

भाड्याच्या घराच्या अंगणात कोंबड्या ठेवल्या म्हणून घरमालक घर रिकामे करायला सांगू शकतो का?

करारनाम्यात मनाई असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तरीही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16 नुसार, शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे भाडेकरूचे वर्तन हे घर रिकामे करून मागण्याचे एक कारण आहे. ते सिद्ध करणे मालकाचे काम. आधी लेखी संमती घ्यावी, म्हणजे पुढचे सगळे टळते.

गेली सहा वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. मागे छोटी बाग आहे. मुलीला कोंबड्या हव्या आहेत. आपल्यासारखे येथेही कोणी विचारत नाही, असे समजावे का?

मुळीच समजू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून एक कोंबडी जरी पाळली तरी सरकारी नोंदणी सक्तीची झाली आहे. पूर्वी ती पन्नास पक्ष्यांपासून पुढे होती. पक्षी आणल्यापासून एका महिन्याच्या आत नोंदणी करावी लागते. बर्ड फ्लूच्या काळात कोंबड्या बंदिस्त ठेवण्याचे आदेश निघतात, तेही तुम्हाला लागू होतील. घराच्या खरेदीखतात कोंबड्या पाळण्यास मनाई करणारी अट असू शकते. ती वकिलाकडून पाहून घ्यावी.

मराठी घराची पंचाईत होईल ती वेगळ्याच नियमाने. आपण उरलेली पोळी, भात, भाजीची देठे कोंबड्यांपुढे टाकतो. तिकडे स्वयंपाकघरातून गेलेले कोणतेही अन्न कोंबड्यांना घालणे बेकायदेशीर आहे, भाजीची सालेसुद्धा. अपवाद फक्त ज्या घरात कोणताही प्राणिजन्य पदार्थ येत नाही अशा घराचा. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ हे कारण चालणार नाही, कारण आपल्या शाकाहारात दूध, दही आणि तूप असते. बागेतून थेट तोडलेला पाला मात्र घालता येतो. तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत नेऊ नये, इतकेच.

कोकणात गावी जत्रेच्या सुमारास कोंबड्यांच्या झुंजी लावतात. त्यासाठी शहरातून कोंबडा वाढवून नेला तर?

प्राण्यांना एकमेकांशी झुंजण्यास चिथावणे हा 1960 च्या कायद्याखाली गुन्हा आहे, पैज असो वा नसो. वाढवू नये, नेऊ नये.

मुलाने आठवडी बाजारातून हिरव्या रंगाचे पिल्लू आणले होते. बाकीची मेली, हे एक जगले. रंग गेला, पांढरेशुभ्र झाले, आणि गेल्या आठवड्यापासून आरवू लागले आहे. आता काय करावे? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

ही रंगीत पिल्ले बहुधा अंड्यांच्या जातीतील नरच असतात. अंडी उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात. माद्या पोल्ट्रीकडे जातात, आणि अंडी देणार नाहीत व मांसही फारसे भरणार नाही असे नर रंगवून पाच-दहा रुपयांना बाजारात येतात. बहुतेक आठवडाभरात मरतात. तुमचे जगले याचे श्रेय मुलाला द्यायला हवे.

तिसऱ्या मजल्यावर तो ठेवता येणार नाही, हे तुम्हालाही पत्र लिहितानाच ठाऊक असावे. ज्यांच्याकडे आधीपासून कोंबड्या आहेत अशा गावाकडील घरी तो द्यावा. त्याला कोणतीही लस झालेली नसणार, म्हणून नेल्या नेल्या तेथील कोंबड्यांत सोडू नये. पंधरा दिवस वेगळ्या डालग्यात ठेवून मानमोडीची लस द्यावी आणि मगच इतरांत मिसळावे. प्रवासात त्याला हवेशीर करंड्यात न्यावे, पिशवीत पाय बांधून नव्हे. मुलाला बरोबर न्या. कोंबडा नव्या कळपात पहिले काही दिवस मार खाईल. ते मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो कोंबड्याला परत घेऊन येईल.